कॉपीबाईंचे हरवलेले नऊ दिवस

कॉपीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात त्या लागल्या त्याला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: यंत्रांच्या प्रती काढून सांभाळून ठेवणं. बॅकअप म्हणा, कॉपी म्हणा. कुणीतरी एकदा गमतीनं कॉपीबाई म्हटलं आणि ते असं काही चिकटलं की नवीन लागलेल्या डॉक्टरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं.

बाई मुळात भित्र्या. गॅसचं बटण बंद आहे ना, हे पाहायला जिन्यावरून दोनदा परत जाणाऱ्या. कुलूप लावून झालं की ते ओढून पाहायच्या, आणि ओढल्यामुळे ते सैल तर झालं नाही ना म्हणून पुन्हा ओढायच्या. नवरा नेमका उलट, बिनधास्त. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर अशा लोकांच्या शेजारी बसायचा, ज्यांना भिंत दिसली की तिच्यावरच गाडी घालावीशी वाटते. आणि संध्याकाळी शीळ घालत घरी यायचा.

"माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो," तो म्हणायचा. "तुलाही तसा एक बसवून घेऊ या."

"अहो, मी सगळी ब्रेकच आहे," बाई म्हणायच्या. "मला बसवायचाच तर एखादा ॲक्सिलरेटर बसवा."

अशा बाईच्या हाती बॅकअप दिला यात विभागाचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. सगळं नीट चाललेलं असताना सगळं बिघडेल म्हणून धास्तावणारं माणूस या कामाला लागतंच. पण भीतीचंही एक असतं. ती माणसाला जसं दहादा कुलूप ओढायला लावते, तसं एखाद्या दाराकडे वर्षानुवर्षं जाऊच देत नाही.

ते दार म्हणजे रिस्टोअर. काढून ठेवलेली प्रत परत उभी करणं.

बारा वर्षांपूर्वी बाईंनी औषध दुकानाच्या यंत्राची प्रत परत उभी केली होती, आणि ती चुकून चालू यंत्राच्याच डोक्यावर उभी राहिली. सकाळपासून दुपारी एकपर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या नोंदी क्षणात पुसल्या गेल्या. माणूस कुणी दगावलं नाही. पण तेव्हाच्या साहेबांनी भर दालनात, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या देखत बाईंना असं फैलावर घेतलं, की पुढे रिस्टोअर हा शब्द ऐकला तरी त्या विषय बदलायच्या.

आता नियम असा होता की दर महिन्याच्या एक तारखेला कोणत्यातरी एका यंत्राची प्रत उभी करून पाहायची, आणि दर वेळी यंत्र बदलायचं. नियम शहाण्या माणसानं केलेला होता. बाई दर एक तारखेला प्रत उभी करायच्याही. पण कायम एकाच, कँटीनच्या कुपनांच्या यंत्राची. ते छोटं, अकरा मिनिटांत उभं राहायचं, आणि समजा त्याचं भजं झालंच, तर फार तर कुणाचा तरी एक कप चहा हिशेबातून सुटला असता. फॉर्मवर मात्र बाई पाळीपाळीनं नवं नाव लिहायच्या. जानेवारीत रक्तपेढी, फेब्रुवारीत प्रयोगशाळा, मार्चमध्ये किरणोपचार. खाली सही. सहा वर्षांच्या बहात्तर सह्या, आणि एकाही सहीच्या वेळी बाईंचा हात थरथरला नाही. खोटं लिहिताना न थरथरणारा हात खरं करायच्या विचारानंच थरथरायचा, हे त्यांचं त्यांनाही कधी विचित्र वाटलं नाही.

यंत्रं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. तळमजल्यावरच्या थंड खोलीत चार लोखंडी कपाटं होती. त्यांच्यातल्या खऱ्या यंत्रांच्या पोटात चौसष्ट मानलेली यंत्रं राहायची. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका घरात चौसष्ट बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळं घर आपलंच. एक रक्तपेढीचं, एक क्ष-किरणांचं, एक औषधांचं, असं. जुनी कपाटं थकली म्हणून दुसऱ्या मजल्यावर नवी सहा आणली होती. तिथे रुग्णालयाचा स्वतःचा क्लाऊड उभारायचं चाललं होतं. बाहेरच्या कुठल्या कंपनीचा नव्हे, आपल्याच भिंतींतला. बिऱ्हाडं हळूहळू वर न्यायची असं ठरलं होतं. हळूहळू म्हणजे सहा महिन्यांत.

हे सगळं पाहायचा लंबू. सर्व्हर सांभाळणारा, साडेसहा फुटांचा, कपाटांच्या मागे वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालेला माणूस. एका गुरुवारी संध्याकाळी त्यानं बाईंना निरोप पाठवला: "ताई, किरणोपचाराच्या मशीनला जागा पुरत नव्हती. तळमजल्यावरच नवं मोठं मशीन करून सगळं त्यात हलवलंय. जुनं बंद करून ठेवलंय, असू दे म्हणून. तुमच्या यादीत नवीन घाला."

बाईंनी निरोप वाचला. यादी म्हणजे रोज कोणाकोणाची प्रत काढायची त्याची यादी. ती उघडायची, एक नाव काढायचं, एक घालायचं, जतन करायचं. पाच मिनिटांचं काम. पण ती यादी गेली कित्येक वर्षं सुरळीत चालली होती. ती उघडताना काही बिघडलं तर? चौसष्टच्या चौसष्ट अडल्या तर? येत्या एक तारखेला निवांतपणे करू, असं म्हणून बाईंनी त्या निरोपाला तांबडा झेंडा लावला आणि घरी जायला पर्स उचलली.

त्या दिवसापासून बॅकअप इमानेइतबारे रोज बंद करून ठेवलेल्या जुन्या यंत्राची प्रत काढत राहिला. भाडेकरू गेलेल्या खोलीवर पहारा द्यावा तसा. आणि रोज सकाळी बाईंच्या पडद्यावर चौसष्ट हिरव्या खुणा उमटत राहिल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. यादीत जे होतं, त्याची प्रत निघाली होती.

बरोबर दोन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारीच, सकाळी सव्वासातला लंबूचा फोन आला.

"ताई, या. पाणी पडलंय."

एअर कंडिशनरची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली होती आणि सगळं पाणी छतातून थेट कपाटांवर उतरलं होतं. बाई पोचल्या तेव्हा लंबू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता आणि साहेब, म्हणजे विभागाचे आत्ताचे प्रमुख, हातात बूट धरून. डिस्कांची दोन कपाटं मेली होती. एकही दिवा लागत नव्हता. त्या खोलीतला रोजचा घूंऽऽ आवाज थांबला होता, आणि बाईंना त्या शांततेचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली.

साहेब बाईंकडे वळले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"बाई, आता सगळं तुमच्यावर. वरच्या क्लाऊडमध्ये चौसष्टच्या चौसष्ट उभी करायची. प्रती आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"आणि टेस्ट केलेल्या आहेत. दर महिन्याला. मी वरच्यांना तेच सांगितलं."

बाई जिन्याकडे वळल्या.

प्रती दुसऱ्या इमारतीत, कोरड्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर नव्या कपाटांसमोर दोन खुर्च्या मांडून बाई आणि लंबू बसले. पहिलं रक्तपेढीचं यंत्र. बाईंनी प्रत निवडली. नव्या क्लाऊडनं विचारलं: किती जागा, किती मेमरी, कोणतं जाळं? बाईंनी जाळं तोडूनच ठेवलं. उभं राहिलेलं यंत्र आधी एकटं, मुकं उभं करायचं, नीट पाहायचं आणि मगच इतरांशी जोडायचं. बारा वर्षांपूर्वीचा तो मार एवढं तरी शिकवून गेला होता. मग शेवटचं बटण. त्याच्यावर बोट ठेवून बाई किती वेळ बसल्या देव जाणे.

"ताई, दाबा," लंबू म्हणाला. "याहून जास्त काय बिघडणार?"

बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. पन्नास मिनिटांनी रक्तपेढी उभी राहिली. बाईंनी सगळ्यांत आधी शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली. काल संध्याकाळची. मग औषधं. ते यंत्र उभंच राहीना, त्याला नव्या घरातली डिस्कच दिसेना. लंबूनं तासभर खटपट करून दाखवली. मग प्रयोगशाळा. अतिदक्षता विभाग. दर वेळी तारीख, दर वेळी कालची. संध्याकाळपर्यंत सतरा उभी राहिली. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला. बाईंच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला, की बहात्तर खोट्या सह्या कुणालाच कळणार नाहीत. निभावलं.

शुक्रवारी सकाळी किरणोपचाराची पाळी आली.

कर्करोगाच्या माणसांना किरणांचा शेक देतात ते किरणोपचार. कुणाला वीस, कुणाला तीस, कुणाला पस्तीस शेक. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. कुणाला कुठे, किती, आणि कितवा, हे सगळं त्या यंत्रात. आधी प्रत्येकाचं कागदी कार्ड असायचं. वर्षापूर्वी विभागात 'कागदमुक्त' अशी पाटी लागली आणि कार्डं गेली. पाटी मात्र कागदाचीच होती. आता यंत्राशिवाय कुणालाही शेक देता येत नव्हता. अडतीस माणसांचा गुरुवार बुडाला होता, आणि विभागाच्या मुख्य डॉक्टर मॅडमचा दर तासाला फोन येत होता. दोन दिवसांच्या वर खंड पडू देऊ नका, आजार थांबत नाही म्हणून.

यंत्र अकरा चाळीसला उभं राहिलं. किरणोपचाराचं निळं पान पडद्यावर आलं. साहेबांनी टाळी वाजवली, लंबूनं "झालं एकदाचं" म्हणत जाळं जोडलं, आणि बाई अजून चष्मा पुसत होत्या तेवढ्यात साहेबांनी खाली फोनही लावला: "मॅडम, सुरू करा!"

बाईंनी चष्मा घातला आणि तारीख पाहिली.

दोन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार.

आधी वाटलं, चुकीचं वाचलं. पुन्हा पाहिलं. मग लंबूचा तो निरोप आठवला, तांबड्या झेंड्यासकट. उभं राहिलेलं यंत्र जुनं होतं. मधल्या नऊ दिवसांचे शेक त्याला ठाऊकच नव्हते. ज्याचे एकवीस झाले, त्याचे ते बारा दाखवणार. आणि खालच्या माणसानं पडद्यावर भरवसा ठेवून मोजणी पुढे नेली, तर माणसाला नऊ शेक जास्तीचे बसणार. किरण म्हणजे काही गरम पाण्याची पिशवी नव्हे. आतून भाजतं.

साहेब लंबूच्या पाठीवर थाप मारत होते. कुणाचं बाईंकडे लक्ष नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. ही गोष्ट सांगताना ती लपवून चालणार नाही. बाईंनी पुढे स्वतःच ती सगळ्यांना सांगितली. खालचा एखादा हुशार माणूस दोनतीन रुग्णांनंतर म्हणेल, अरे, हे आकडे जुळत नाहीत; मग सगळे पाण्याला शिव्या देतील, आणि बहात्तर सह्या पाण्यात धुऊन निघतील. फक्त ते दोनतीन रुग्ण. आणि कदाचित पहिल्यालाच लक्षात येईल. कदाचित.

बाईंनी खाली फोन लावला. तो लागेना, दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं चालू होतं.

मग ज्या बाई जिना उतरताना दर पायरीला कठडा धरायच्या, त्या दोन मजले कठड्याला हात न लावता उतरल्या.

किरणोपचाराच्या खोलीबाहेर तांबडा दिवा अजून लागलेला नव्हता. आत एक तरुण बाई टेबलावर निजलेली, तिला पडदा दिसत नव्हता. बाहेरच्या बाकासमोर बसून मशीन चालवणारे मास्तर, टक्कल पडलेले शांत गृहस्थ, पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होते: "तेरावा." त्यांचं बोट बटणाकडे निघालं होतं.

"थांबा!" बाई ओरडल्या. "मास्तर, हात काढा! तेरावा नाहीये तो!"

मास्तरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दारातून मॅडम धावत आल्या, आणि पाठोपाठ जिन्यावरून धापा टाकत साहेब.

"काय झालं?"

आणि बाईंनी सांगितलं. धाप लागलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांतून पाणी. प्रत जुन्या यंत्राची आहे. मधले नऊ दिवस तिच्यात नाहीत. लंबूनं सांगितलं होतं, मी यादी बदलली नाही. भ्याले म्हणून नाही बदलली. आणि हे एक तारखेला कळलं असतं असंही नाही, कारण मी दर महिन्याला फक्त कँटीनचं मशीन उभं करते आणि फॉर्मवर दुसरी नावं लिहिते. सहा वर्षं. बहात्तर वेळा.

साहेब पुढे आले. "बाई, काय बोलताय तुम्ही हे?"

"खरं बोलतेय. सहा वर्षांत पहिल्यांदाच धड बोलतेय."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या बाईला उठवून बाहेर बसवायला सांगितलं, आणि मग कॉपीबाईंकडे वळून एवढंच विचारलं, "ते खरं यंत्र परत मिळेल?"

"ते भिजलेल्या कपाटात आहे. तज्ज्ञांकडे पाठवावं लागेल. मिळेल की नाही, सांगता येत नाही."

"मग नऊ दिवस माणसांकडून घ्यायला हवेत," मॅडम म्हणाल्या. "बसा इथे. तुम्हीच लिहा."

सरसकट सगळ्यांचे नऊ मिळवून भागण्यासारखं नव्हतं. कुणी मधे तापानं दोन दिवस आलं नव्हतं. सहा जण त्या नऊ दिवसांतच नव्यानं सुरू झाले होते, यंत्राला त्यांचं तोंडही माहीत नव्हतं. एक दिवस किरणांचं मशीनच बिघडलं होतं आणि निम्मे लोक परत गेले होते. स्वागतकक्षातल्या मुलीकडे येणाऱ्यांच्या सह्यांची वही होती, तेवढा एकच कागद 'कागदमुक्त' पाटीच्या नजरेतून सुटला होता. एका बाजूला ती वही आणि दुसऱ्या बाजूला रुग्ण स्वतः, असं ताडून पाहायचं ठरलं.

बाई बाकावर बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या: "तुमचे किती झाले?"

त्यांना वाटलं होतं, लोक डोकं खाजवतील. पण कुणीही विचार करायला थांबलं नाही. एकानं खिशातून काड्यापेटी काढून आतल्या काड्या मोजून दाखवल्या. टेबलावर निजलेली ती तरुण बाई म्हणाली, "एकवीस. आजचा बाविसावा. घरच्यांना विचारू नका, ते नुसतं 'महिनाभर' म्हणतील. मोजते मीच." एका शाळामास्तरांनी हाताच्या मनगटावर पेनानं रेघा ओढल्या होत्या, अंघोळीनंतर रोज नव्यानं. घाबरलेली माणसं मोजतात, हे बाईंना जन्मभर माहीत होतं. पण ते असं उपयोगी पडताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. दुपारी साडेतीनपर्यंत अडतीसपैकी सदतीस जणांचा आकडा वहीशी तंतोतंत जुळला.

राहिले एक आजोबा.

ऐंशीच्या घरातले, गळ्याला मफलर गुंडाळलेले, आठवण गळालेली. पुतण्या त्यांना सकाळी दारात सोडायचा आणि कामावरून सुटल्यावर घ्यायला यायचा. किती झाले विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, "झाले की पुष्कळ." वहीत त्यांची सही रोज होती. पण मशीन बिघडलं त्या दिवशी सही करून परत गेलेल्यांची नावं स्वागतकक्षातल्या मुलीनं खोडली होती, आणि आजोबांच्या सहीवरून एक रेघ गेली होती, जी खोडल्याची असेल किंवा त्यांच्याच थरथरत्या हाताची. मुलगी रडकुंडीला आली, तिला आठवेना. मास्तरांनाही आठवेना, दिवसाला अडतीस जण येतात. पुतण्याला फोन केला, तो म्हणाला, "मी दारात सोडतो, आतलं मला काय माहीत."

सोळा की सतरा? मॅडमनी वही उजेडाकडे धरून ती रेघ पाहिली. मग म्हणाल्या, "सतरा धरा. गळ्याची जागा आहे, जास्तीचा देऊन चालणार नाही. एक कमी पडला तर बहुतेक काही बिघडत नाही."

"बहुतेक?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी बाईंनी सगळं सांगितलं. नवऱ्यानं थट्टा केली नाही. तो उठून आत गेला आणि बाईंसाठी पाण्याचा पेला घेऊन आला, जे त्यानं लग्नाच्या सत्तावीस वर्षांत सहसा केलं नव्हतं. सासूबाई कानानं मंद, पण यातलं त्यांना बरोब्बर ऐकू गेलं.

"कुणी गेलं का गं त्यात?"

"नाही, आई."

"जाईल का?"

"मला माहीत नाही, आई." आणि बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. आयुष्यभर त्या न घडणाऱ्या गोष्टींना भ्यायल्या होत्या. गॅस कधी चालू राहिला नव्हता, कुलूप कधी उघडं राहिलं नव्हतं. आता घडलेल्या गोष्टीची भीती होती, आणि तिला मफलर होता.

बाईंवर चौकशी बसली. तरी उरलेली सेहेचाळीस यंत्रं त्यांनीच उभी केली, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. लंबू आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. साहेब तेवढंही बोलले नाहीत. भिजलेल्या डिस्का तज्ज्ञांकडे गेल्या, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी हात वर केले.

रोज सकाळी साडेनऊला मात्र बाई तळमजल्यावर उतरून किरणोपचाराच्या बाकावर आजोबांच्या शेजारी बसायच्या. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी आजोबांना आणि पुतण्याला सगळं समजावून सांगितलं होतं. पुतण्या समजला होता, आजोबा दुसऱ्या दिवशी विसरले होते. त्यामुळे ते रोज विचारायचे, "पोरी, किती झाले गं माझे?"

पहिल्या दिवशी बाई नुसता आकडा सांगून मोकळ्या होणार होत्या. पण मग त्या आजोबांकडे वळून बसल्या. त्यांनी खरं सांगितलं: आकडा हा आहे, पण त्यातला एक मिळाला की नाही, कुणालाच ठाऊक नाही, आणि ते माझ्यामुळे. आजोबा रागावले, काठी आपटली, तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसून विचारलं, "किती झाले गं?" पुन्हा सांगावं लागलं. कधी ते ओरडायचे, कधी हसण्यावारी न्यायचे, एकदा घाबरून बाईंचं मनगट धरून बसले आणि आत जाईपर्यंत सोडलं नाही. आजोबा रोज पहिल्यांदाच ऐकत होते. बाई मात्र रोज नव्यानं सांगत होत्या, आणि सवयीनं ते सोपं होत नव्हतं.

पस्तिसाव्याच्या दिवशी आजोबा आतून बाहेर आले, मफलर नीट केला आणि बाकावर बसले.

"झाले ना पुरे?"

"पडद्यावर पस्तीस आहेत, आजोबा. आज शेवटचा. पण त्यातला एक राहिलाय की काय, ते माहीत नाही. त्याची नोंद माझ्या चुकीनं गेली."

या वेळी आजोबा रागावले नाहीत की हसले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजू पाहिलं, मधेच चुकले, पुन्हा सुरुवात केली आणि सोडून दिलं.

शेवटचा दिवस म्हणून पुतण्या लवकर आला होता. तो दारातून म्हणाला, "काका, चला. संपलं सगळं."

आजोबांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"एक राहिलाय म्हणते ही," ते म्हणाले. "तो घेऊन जातो. तू हो पुढे, मला काही घाई नाही."

पुतण्यानं बाईंकडे पाहिलं. बाई आजोबांच्या शेजारी तशाच बसून राहिल्या.